सममिती एका झटक्यात

४ मार्च
आला एकदाचा! चारशे पानांचा प्रबंध, परीक्षक मी. आणि ही बाई (बाई कसली, काल-परवापर्यंत शाळेत असेल!) मलाच खोटं पाडायला निघालीय. क्वार्कांची (अणुगर्भातल्या त्या इवल्या कणांची) डावी-उजवी सममिती थंडीत मोडलेली असते, प्रचंड तापवलं की परत जुळते. इथवर ठीक. पण जुळते कशी? एका झटक्यात, बर्फ वितळतो तशी. बावीस वर्षांपूर्वी मी दाखवलं, पाठ्यपुस्तकात छापलंय. ही म्हणते, झटका नाहीच. लोणी मऊ होतं तशी, हळूहळू. लोणी म्हणे!

६ मार्च
पान २११. म्हणते, मी घाई केली. एकाच तापमानाला मी गणित दोनदा चालवलं होतं — एकदा थंड मांडणीपासून, एकदा गरम. उत्तरं दोन आली, म्हणजे अवस्था दोन, म्हणजे झटका. तिचं म्हणणं, आणखी चालवलं असतं तर दोन्ही एकच झाली असती. अगं, तेव्हाच्या यंत्रावर तेवढ्यालाच अकरा महिने लागले! तुझं काय जातंय बोलायला?

७ मार्च
जुना प्रोग्रॅम शोधला. नव्या यंत्रावर लावला, थंड-गरम दोन्हीपासून, दहापट जास्त चालेल असा. बारा दिवसांत आकडे. तोंडच बंद करतो तिचं.
बायको म्हणाली, "अहो, आधी आकडे येऊ द्या, मग लिहा अहवाल." बाईसाहेबांना कोणी विचारलं होतं?

१२ मार्च
बैठकीत तिचे मार्गदर्शक भेटले. हात चोळत म्हणे, "सर, पोरीला नोकरी लागलीय. या महिन्यात पदवी नाही मिळाली तर जाईल हातची." मग शिकवायचं होतं नीट!

१५ मार्च
आठ दिवस झाले. आलेखावर थंड आणि गरम, दोन्ही रेषा अजून एकमेकींपासून लांबच लांब. म्हटलं नव्हतं?

१६ मार्च
अहवाल पाठवला. नापास. तीन ओळी. उगाच पाल्हाळ कशाला? आणखी तीन दिवस थांबायला मला वेळ नाही.

१९ मार्च
रेषा परवापासून जवळ येत होत्या. आज एकच रेष आहे. तीनदा तपासलं. पोरीचं बरोबर आहे.
विद्यापीठात फोन केला. कारकून म्हणाला, पत्र तिला कालच गेलं. अहवाल मागे घ्यायचा तर कारण लागेल. "काय लिहू, सर?"
म्हटलं, "लिहा — परीक्षक नापास."