तंबाखू नाही म्हणालीस

गारखेडा,
२९ एप्रिल २०१६

चि. सौ. मनकर्णा हिस आक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. नळाला सहा दिवसांनी पाणी येतं. मागच्या मोकळ्या रानात दोन इमारती उठल्या, त्यांचे टँकर रोज आमची गल्ली अडवून उभे असतात. तुमच्याकडं वेरूळला हापसा तरी चालू आहे का? तू मात्र त्या सुजलेल्या बोटांनी हंडे उचलू नकोस. सोनिया आहे ना, लेकीला सांगत जा.

फोन केला की "रेंज नाय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पुरतं वाच, चुलीत घालू नकोस.

मने, मला तुझा भयंकर राग आलाय. मंगळवारी मी तुला आमवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी किती शांतपणे समजावलं की ही सूज बोटांतच थांबत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही धरते, आणि या आजारात हार्ट अटॅकची भीती इतरांपेक्षा जास्त. म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहायचं, झेपेल तेवढं चालायचं. मग त्यांनी विचारलं, तंबाखू?

तू म्हणालीस, "नाय बाई. आमच्यात बायका तंबाखूला हात नाय लावत."

मिश्रीची डबी तुझ्या कमरेला खोचलेली होती! अगं, तव्यावर काळी करून वाटली म्हणून ती तंबाखू राहत नाही का? दिवसातून चार वेळा लावतेस, ते काय दातांसाठी? बाहेर आल्यावर रिक्षा मिळायच्या आत तू बोट माखलंस. मी बोलले तर म्हणे, "आईनं जलमभर लावली, काय झालं तिला?"

काय झालं तिला? तिचीही बोटं अशीच वाकडी होती. छातीत जळजळतंय म्हणाली, आपण सोडा पाजला, आणि दुपारी ती गेली. तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं. आता समोर बसून कोणी सांगतंय, तरी तू खोटं बोललीस.

आणि मी शेजारच्या खुर्चीवर गप्प बसले. खरं तर त्याचाच राग जास्त आहे. माझ्याही पिशवीत डबी होती.

अजून एक. तुला आठवत नसेल. तू नऊ वर्षांची होतीस, दाढ ठणकत होती, आई रानात गेलेली. तुला पहिली मिश्री मी लावली. तू थुंकलीस, रडायला लागलीस. मी एक फटका दिला आणि परत लावली.

काल मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, तुझंही आणि माझंही. त्या रागावल्या नाहीत. येत्या गुरुवारी दोघींना बोलावलंय, तुझा ईसीजी काढायचाय. सकाळच्या एसटीनं ये. नाही आलीस तर मी तिथं येऊन तुला हाताला धरून नेईन, सगळा गाव बघू दे.

तुझ्यावर चिडलेली आणि आज चौथा दिवस तोंडात मिश्री न घातलेली,
आक्का