अण्णांच्या ट्रकमधलं परकं इंजिन

तीर्थरूप भाऊजींस,

कोपरापासून नमस्कार. (एखाद्याला टाळण्यासाठी लोक करतात, तो हा नव्हे. दोन्ही पंजे ग्रीसने माखले आहेत, त्यामुळे कोपराच्या पुढचा भाग सध्या नमस्काराला उपलब्ध नाही. कागदावरचे काळे डागही त्यातलेच.) तुमची कंबर कशी आहे? तुमच्या भंगाराच्या यार्डात माणसं असताना तुम्ही स्वतः वाकून लोखंड उचलू नये, असं मागच्या पत्रातही लिहिलं होतं. तुम्ही ऐकणार नाही आणि मी लिहायचा थांबणार नाही. ताई कशी आहे हे विचारत नाही, कारण तिनेही आमची चौकशी केलेली नाही. ट्रक विका आणि आमच्याकडे राहायला या, असं ती अण्णांना म्हणाली आणि अण्णा तिला नको ते बोलले, तेव्हापासून बापलेकींमध्ये अबोला आहे. दोघंही एकाच मातीची, त्यामुळे मधे पडून दोन्हीकडची बोलणी मीच खाल्ली. बाकी इकडे सगळं ठीक. म्हणजे ट्रक, अण्णा आणि मी सोडून. उरली माझी बायको, ती ठीक आहे. काही काम काढून हे पत्र लिहीत नाही. मन मोकळं करावं, एवढंच.

तुम्ही आपलं जुनं, चिरलेलं इंजिन भंगारात घेऊन गेलात, त्यानंतर पंधरवड्यातच फोरमनने (म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसणारा आपला मेकॅनिक, हा कुठे फोरमन होता ते आता त्यालाही आठवत नाही) अपघातात चेपलेल्या एका नव्या ट्रकचं इंजिन मिळवलं. ट्रक मेला होता, पण इंजिन धडधाकट होतं. त्याच्याबरोबर वायरींचं एक जंजाळ आलं आणि जंजाळाच्या टोकाला डब्याएवढा कॉम्प्युटर. आपल्या गाडीत विजेवर चालणाऱ्या वस्तू दोनच, दिवे आणि हॉर्न, त्यातला हॉर्नही लहरी. अशा घरात ही एवढी शिकलेली सून नांदेल, असं मला वाटलं नव्हतं. पण इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. फोरमनने माझ्या पाठीवर थाप मारली. मग आम्ही पुलाच्या चढावर गेलो आणि तिथे गाडीने अंग टाकलं. बंद पडली नाही. बंद पडली असती तर निदान ढकलता आली असती. ती चालायच्या वेगाने जात राहिली. दोन पिशव्या घेतलेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले आणि पुढे जाऊन त्यांनी वळून पाहिलं. कीव करत पाहिलं हो, भाऊजी.

मग आला लॅपटॉपवाला. हा माणूस इंजिनाला हात लावत नाही. मडगार्डवर फडकं अंथरतो, त्यावर लॅपटॉप ठेवतो, एक वायर कॉम्प्युटरला जोडतो आणि डॉक्टरसारखा गप्प बसतो. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला त्या डब्याची दयाच आली. तो म्हणाला, या कॉम्प्युटरला अजून वाटतंय की तो त्या चेपलेल्या ट्रकमध्येच आहे. तो तिथला एसी शोधतो, चाकांवरचे सेन्सर शोधतो, पट्टा न लावल्यावर वाजणारी घंटी शोधतो. काहीच सापडत नाही म्हटल्यावर तो घाबरतो, काहीतरी भयंकर घडलंय असं समजून इंजिन हळू चालवतो. (यात त्याचं काय चुकलं? भयंकर घडलंच होतं.) यावर उपाय एकच, एकेक वस्तू त्याच्या डोक्यातून पुसायची. हे तुझ्याकडे कधी नव्हतंच, असं पटवायचं. पटलं की तो शांत होतो. माझ्या डोळ्यांदेखत लॅपटॉपवाल्याने एक बटण दाबलं आणि अख्खा एसी त्या बिचाऱ्याच्या आठवणीतून गेला. मला हेवा वाटला. आपल्या घरात हे यंत्र हवं होतं.

सगळं पुसून झाल्यावर गाडी चढावर अशी गेली की फोरमन हळवा झाला. आवाज तर इतका मऊ की उभी असताना चालू आहे की बंद ते कळेना. आणि घोटाळा झाला तो इथेच.

अण्णांना दिसणं जवळजवळ संपलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तरी प्रत्येक खेपेला ते केबिनमध्ये माझ्या शेजारी बसत आणि नुसत्या आवाजावरून माझी अक्कल काढत. तिसरा टाक. क्लचवरून पाय काढ, तुझ्या बापाची गाडी आहे. घरात आम्ही दोघं मीठ मागण्यापलीकडे कधी बोललो नाही. आमचं जे काही बोलणं होतं ते त्या केबिनमध्ये. तर नवं इंजिन ऐकायला अण्णा दारात आले, मडगार्डवर तळवा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, कोणाची गाडी? मी म्हटलं, आपलीच. म्हणाले, आंधळ्याची चेष्टा करू नकोस. आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून ते घराबाहेर आलेले नाहीत. दोन घास खातात तेही माझ्या बायकोवर उपकार म्हणून. मी एकटाच फेऱ्या करतो. गिअर चुकतो, आणि शेजारून कोणी काही बोलत नाही. मला भीती वाटते, भाऊजी. उगाच हसण्यावारी नेतोय, पण हा माणूस भिंतीकडे बघत बघतच जाणार, अशी खरंच भीती वाटते.

म्हणून लॅपटॉपवाल्याला परत बोलावलं आणि सांगितलं की इंजिन बिघडव. त्याने तीनदा विचारून खात्री केली. लोक त्याच्याकडे खडखड घालवायला येतात. खडखड मागायला आलेलं गिऱ्हाईक मीच पहिलं. कसली खडखड हवी, हे सांगायला नमुना नव्हता, तेव्हा अंगणात बसून मी जुन्या इंजिनाचा आवाज तोंडाने काढला. धड, धडधड, धड, आणि मधेच एक उसासा. बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागलाय. लॅपटॉपवाल्याने वेग खाली आणला, एका सिलिंडरचं डिझेल तोडलं, ऐकलं, पुन्हा तोडलं. फोरमन तोपर्यंत पाठ फिरवून उभा होता. हे पाप आपण पाहिलेलं नाही, असं त्याला पुढे म्हणता यायला हवं होतं. शेवटी जमलं. हुबेहूब आपली गाडी, तशीच रडकी.

अण्णांच्या खिडकीखाली नेऊन उभी केली. आत खाट करकरली. अण्णा उठून बसले, भाऊजी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बराच वेळ त्यांनी ऐकलं आणि विचारलं, मधली थाप कुठे गेली? मी म्हटलं, कसली थाप? तेव्हा त्यांनी मला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. ताई लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गाडीत होती. भर रस्त्यात इंजिनाच्या डाव्या माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या बैठकीचं, रबर फाटलं, जवळपास दुकान नाही, इंजिन चासीच्या लोखंडावर आपटायला लागलं. अण्णांनी ताईच्या पायातली एक चप्पल काढली, तिचा तळ कापला आणि माउंटिंगमध्ये कोंबला. घरी पोचल्यावर तिला खांद्यावर बसवून आत आणली. पुढे गाडीचं सगळं बदललं, तो तुकडा नाही बदलला. अण्णा म्हणाले, धडधड इंजिनाची होती, थाप पोरीच्या चपलेची. आणि परत भिंतीकडे वळले. लॅपटॉपवाल्याने लॅपटॉप मिटला. हे कॉम्प्युटरमध्ये नसतं, म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

असो. असं सगळं चाललं आहे. काही मागणं नाही. कंबरेला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. : जुनं इंजिन तोडलंत का? तोडलं नसेल तर डाव्या माउंटिंगमध्ये बघा, काळा पडलेला रबराचा तुकडा असेल. तो टाकू नका. फोरमन बसवून द्यायला तयार आहे. इंजिनाला काही होणार नाही म्हणतो, त्याच्या अब्रूला होईल.

आणखी ता. क. : तुमच्या मागे लकडा लावू नये म्हणून मी दुसरा उपाय केला होता. त्या जोडीतली दुसरी चप्पल गाडीच्या सीटखाली होती. (मी इतकी वर्षं तिने बॅटरीवरची धूळ झटकत होतो.) तीच मापाने कापावी म्हणून सुरी घेतली, तर अण्णांनी माझ्या हातून चप्पल ओढून घेतली. ही कापायची नाही, म्हणाले. आता ती त्यांच्या उशाशी असते. काल तिच्यावर बोट फिरवत विचारत होते, तिच्या पायाचं माप आता केवढं असेल?

शेवटचा ता. क. : तुकडा पार्सलने पाठवू नका, गहाळ होईल. ताईच्या हाती पाठवा. आणि तुकडा सापडलाच नसेल, तर ती इथे पोचेपर्यंत तिला तसं कळू देऊ नका.