वेत वाळला की ताणतो

१२ जानेवारी
वाचनालयाची ऑर्डर आली! सगळ्या खुर्च्या नव्याने विणायच्या. ग्रंथपाल बाई स्वतः दुकानात आल्या. दारातल्या बाकावर टेकल्या आणि लगेच उठल्या. तो बाकच मी कधीचा विणायचा ठेवलाय! "बाक असा, मग आमच्या खुर्च्यांचं काय?" हसत म्हणाल्या म्हणून बरं. महिनाअखेरपर्यंत हव्यात. "नीट झालं तर शाखांचंही काम तुम्हालाच." एका माणसाच्या दुकानाला एवढं काम कोण देतं? देवाला हात जोडले. जोडताना डावा अंगठा दुखला. हिला सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी
लग्न झाल्यापासून दुकानात हिची जागा ठरलेली — माझ्यासमोर, पाण्याच्या टबाशी. वेत भिजवायचा, पुसायचा, एकेक पट्टी माझ्या हातात द्यायची. मी चौकटीच्या प्रत्येक भोकाला देवाचं नाव घेतो. भक्ती आहेच, पण त्याने ताणही सारखा पडतो. तोंडात नाव असलं की हात घाई करत नाही.

आज नाव नीट आलं, ताण नाही. शेवटच्या तिरक्या पट्ट्या ओढताना अंगठ्याने दगा दिला. बैठक दाबून बघितली — ढिली. हिच्या लक्षात येऊ नये म्हणून खुर्ची पटकन उलटी ठेवली.
"उलटी का?"
"वाळायला."
"बरं."
संध्याकाळी मी पुढे घरी आलो. ही दुकान आवरून जरा उशिराच आली.

१५ जानेवारी
कालची खुर्ची घट्ट! बोटाने वाजवली तर टणटण वाजते. वेत वाळला की ताणतो, हे मला ठाऊक आहे. पण इतका? देवाची कृपा, दुसरं काय!

१८ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, दुपारी हाताला विश्रांती द्या. हिला सांगितलं, जेवण जड होतंय, दुपारी जरा घरी पडून येत जाईन.
"या की. मी बसते दुकानात."
एरवी मी शिंकलो तरी चौकशी होते. आज एक प्रश्न नाही!

२० जानेवारी
शेजारचा किल्लीवाला मागेच लागला होता. "शेठ, माणूस ठेवा. असं एकट्याने दुकान वाढतं होय?" शेवटी त्यानेच एक विणकर पाठवला. हात साफ, स्वभाव गरीब. पण तो उजवा, मी डावखुरा. त्याच्या वरच्या तिरक्या पट्ट्या माझ्या उलट दिशेने चढतात. दोघांच्या खुर्च्या शेजारी ठेवल्या तर भांडलेल्या जावांसारख्या तोंड फिरवून बसलेल्या दिसल्या. त्याला चहा पाजला, माफी मागितली, परत पाठवला.

किल्लीवाला डोक्याला हात लावून म्हणाला, "अहो, लोक बसणार आहेत त्यांच्यावर. कोण बघतंय?"
मी बघतो ना.

२३ जानेवारी
आजही एक ढिली सोडून आलो. आता काळजी करत नाही. वाळेल, ताणेल.

२६ जानेवारी
बाई काम बघायला आल्या. एकेक बैठक दाबून पाहिली. "हात अजून पहिल्यासारखाच आहे हं तुमचा!" मी छाती काढली. मग त्यांचा हात मी आज सकाळी केलेल्या खुर्चीवर पडला. "ही जरा सैल वाटते का?"
"वाळायची आहे," ही टबाकडे बघत म्हणाली.
मी नाही — ही म्हणाली!

२८ जानेवारी
दुपारी चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. किल्लीवाल्याने लांबूनच ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या दाराकडे मान हलवली.

ही माझ्या जागेवर बसली होती. गुडघ्यांत माझी सकाळचीच खुर्ची. तिरक्या पट्ट्या उसवून नव्याने ओढत होती. ओठ हलत होते. तिच्या कपाळावर एवढा घाम मी कधी पाहिला नव्हता. वेत कसला ताणतोय! मी तिथेच उभा राहिलो.

तिने वर पाहिलं. "आलात? चष्मा टबाशेजारी आहे."
"हे कधीपासून?"
"तुम्ही खुर्ची उलटी ठेवलीत त्या दिवसापासून. अंगठा काय, मला दिसत नाही?"

वाकून वीण पाहिली. हिचा हात उजवा, तरी पट्ट्या थेट माझ्यासारख्या चढलेल्या. कसं शक्य आहे?
"मी तुमचा हात कुठे बघत होते? इतकी वर्षं समोर बसून वीणच बघतेय."
"आणि पुटपुटत काय होतीस? देवाचं नाव?"
"देवाला तुम्ही आहात की. मी आपली प्रत्येक भोकाला म्हणते — यांचा अंगठा बरा होऊ दे."

मग चष्मा लावला, तरी काही नीट दिसेना.

३१ जानेवारी
खुर्च्या गेल्या. जाण्याआधी सगळ्या ओळीने मांडून बघितल्या. कुठली कुणाची, मलाच ओळखता आलं नाही.

२ फेब्रुवारी
शाखांच्या खुर्च्या आल्या. आज वेत मी भिजवला.
"पुसून द्या हो, पाणी गळतंय," ही म्हणाली.
पुसून दिला.