सामन्याचा चहा कोण करणार

३ मार्च
पबमध्ये पाटी लागली. क्रिकेट-क्विझ, अठ्ठावीस तारखेला. यंदा एकटाच उतरणार. गेल्या वर्षी पाद्रीबाबांना टीममध्ये घेतलं, तर ब्रॅडमनची सरासरी शंभर म्हणाले. ९९.९४! दर रविवारी गावाला शहाणपण शिकवतात.

५ मार्च
बायको विचारत होती, मला घेतोस का? सव्वीस वर्षं क्लबचं स्कोअरबुक लिहिते, म्हणून हिल्डाबाईंना वाटतं, क्रिकेट कळतं. समजावलं, मोजणं वेगळं आणि जाणणं वेगळं. ‘बरं,’ म्हणाली. तिच्या ‘बरं’ला काही अर्थ नसतो.

९ मार्च
हिल्डा गेली खाटकाच्या, त्या सग्डनच्या टीममध्ये! सग्डनला गुगली म्हणजे सॉसेजचा प्रकार वाटतो. पबमध्ये सगळ्यांदेखत जाहीर केलं: यांच्याकडून हरलो, तर अख्खा सीझन सामन्यांचा चहा मी करीन. सँडविच, केक, सगळं. आजवर हे बायकांचं काम. पब खो खो हसला. सग्डनला, अर्थात. मालकीण डिलिस म्हणाली, ‘लिहून देतोस का, क्लेमंट?’ दिलं. बियरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर, सहीनिशी.

१४ मार्च
आजपासून रोज चार तास अभ्यास. (आज नाही. थंडी फार.)

१५ मार्च
आजही नाही. येतंय तेच पुन्हा वाचणं म्हणजे स्वतःचा अपमान. हिल्डा टेबलावर जुनी स्कोअरबुकं पसरून बसली होती. म्हणाली, ‘एकदा चाळ तरी. तूही आहेस यात.’ म्हटलं, गावातल्या चिल्लर सामन्यांवर कोण विचारतंय? मी सलामीला जायचो ते नव्या चेंडूची चमक घालवायला. ते वहीत उतरत नाही.

२९ मार्च, सकाळी. डोकं दुखतंय.
सुरुवातीला मीच पुढे. १९०० च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचं सुवर्ण? ब्रिटन, फ्रान्सला हरवून. सग्डनचं तोंड बघण्यासारखं झालं. मग पहिला आंतरराष्ट्रीय सामना कोणाचा? प्रश्न संपायच्या आत लिहिलं: इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, १८७७. प्रश्न विचारणारी डिलिस म्हणे, अमेरिका-कॅनडा, १८४४. मी हरकत घेतली, अमेरिकन लोक खेळतात त्याला क्रिकेट म्हणायचं का? फेटाळली. शेवटी बरोबरी.
निर्णायक प्रश्न: आपल्या क्लबकडून सर्वांत जास्त वेळा शून्यावर बाद कोण झालं? मला हसू आवरेना. ठळक अक्षरांत लिहिलं, सग्डन. हिल्डाने लिहिलं, क्लेमंट ऑग्डन, एकेचाळीस वेळा, पैकी नऊदा पहिल्याच चेंडूवर. हे शेवटचं कोणी विचारलंही नव्हतं.
मला वाटायचं पाच-सहा असतील. पुरावा मागितला. पिशवीत घेऊनच आली होती.
सव्वीस वर्षं ते एकेक शून्य तिने स्वतः लिहिलं आणि घरी येऊन एकदाही बोलली नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

२ एप्रिल
ही वही मी यापुढे खरी लिहिणार. म्हणजे, प्रश्न पक्षपाती होता. सग्डन दुकानातून ओरडला, ‘क्लेमंट, हॅम किती पाठवू?’ उत्तर दिलं नाही. हॅम आलं.

२६ एप्रिल, शनिवार
सीझनचा पहिला सामना. सँडविच कोणालाही जमतं. बायका उगाच बाऊ करतात. सकाळी आठपासून ब्रेडच्या कडा कापत होतो. चहाच्या वेळी बावीस खेळाडू, दोन पंच आणि हिल्डा रांगेत. हिल्डाने माझं काकडीचं सँडविच उचललं, उघडलं, आत बघितलं. काकडी घालायची राहिली होती. सगळ्यांतच.
पेन्सिल काढली आणि स्कोअरबुकात काहीतरी लिहिलं. ती हात धुवायला गेल्यावर जाऊन बघितलं.
माझ्या नावापुढे एकेचाळीस खोडून, बेचाळीस.