परग्रह मंडळाचं शिबिर

रवि., ४ जाने.
परग्रह मंडळाची बैठक, पांढुर्ण्याला हेमंतभाऊंच्या स्टेशनरी दुकानामागे. सौंसरहून बसनं गेले, उभ्यानं. आलो चौघंच. मी, हेमंतभाऊ, नितीन, प्रणाली. विज्ञानकथा वाचायला म्हणून मंडळ काढलं होतं. आता वाचतं कोण! लोकांना टिनू पाहिजे. टिनू म्हणजे नितीननं जुन्या कूलरच्या पत्र्याचा केलेला रोबो. आत नितीनच असतो.

सिकलसेल तपासणीचं शिबिर ठरवलं, बोरगावला. माझ्या वर्गातल्या रोशनीला रक्ताचा हाच आजार; हाडं दुखतात म्हणून ती पुन्हा घरी बसली आहे, तीच डोक्यात होती. हेमंतभाऊ म्हणाले, "मॅडम, आपण गोष्टी वाचाले जमलो होतो ना?" खरं आहे. वाद घालायचा कंटाळा आला.

रक्त प्रणाली घेणार. लॅबमध्ये कामाला आहे ती. तिचं अन् नितीनचं लग्न उन्हाळ्यात. टिनूची वायरिंग करता करता जमलं. दोन्ही घरं खूश. मंडळानं निदान एवढं तरी…

रवि., ११ जाने.
बोरगाव. लोक मंडपाबाहेर उभे, आत कोणी येईना. टिनू ओरडून थकला. शेवटी मीच म्हटलं, "प्रणाली, तू आधी स्वतःचं घे. मग नितीनचं." नितीननं पत्र्याचा हात काढून खरं बोट पुढे केलं. बाया खो खो हसल्या, अन् रांग लागली. चांगला दिवस. पाय सुजलेत.

मंगळ., १३ जाने.
शाळा सुटताना प्रणालीचा फोन. शंका आलेले नमुने पक्क्या तपासणीला नागपूरला गेले. त्यात तिचा आहे. नितीनचाही. "मले तवाच दिसलं होतं मॅडम. तुमी हसून राहिल्या होत्या, म्हणून बोलली नाही."
जेवण केलं नाही. इच्छाच नव्हती.

रवि., १८ जाने.
रिपोर्ट आला. दोघंही वाहक. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण मूल झालं तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता, की ते रोशनीसारखं निघेल.

दुपारी नितीन घरी आला. दारातच उभा.
"आमाले तं काही होत नाही ना मॅडम?"
"तुम्हाला नाही."
"मंग झालं."
पण झालं नव्हतं. बसला, पाणी प्याला. प्रणालीशी बोललास का, विचारलं. "ती फोन उचलून नाही राहिली."
दर वर्षी फळ्यावर चार घरांचा चौकोन काढून हीच आनुवंशिकता शिकवते. आज त्याच्यासमोर एक चौकोन काढवला नाही. तपासणीला पहिले यांनाच बसवायची अक्कल माझी. पण न बसवलं असतं तर? हेच दिवसभर उलटसुलट.

सोम., २६ जाने.
पांढुर्ण्याला झेंडावंदनाच्या कार्यक्रमात टिनू कबूल केला होता. नितीन आला नाही. मीच आत शिरले. या वयात! पत्रा काखेत रुततो, समोरचं अर्धंच दिसतं. हेमंतभाऊ कोपर धरून चालवत होते. मैदान ओलांडताना हळूच म्हणाले, "तुमचा काही दोष नाही." मी विचारलं नव्हतं. आत रडले थोडी. बाहेर टाळ्या.

शुक्र., ३० जाने.
नितीनची आई शाळेत आली, मधल्या सुट्टीत. पदरानं घाम पुसत होती, थंडी असून.
"पोरगं जेवून नाही राहिलं. तुमी सायन्सच्या. होऊ द्यावं का नाही लग्न, तुमीच सांगा."
सांगितलं, दिवस गेल्यावर सुरुवातीलाच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. नागपूरला होते.
"अन् वाईट निघालं तं?"
तेही सांगितलं. मग म्हणाली, "तुमची पोरगी असती तं?"
घंटा झाली. मी तशीच बसलेली.
"मले वाटलं, तुमाले माहीत असन," म्हणाली अन् उठली. रागानं नाही. राग परवडला असता.

बुध., ४ फेब्रु.
पुढचं, तिगावचं शिबिर रद्द करू म्हणून हेमंतभाऊंना फोन केला. गावात बोलून राहिलेत म्हणे, रोबोवाल्यांनी लग्न मोडलं. कोण येणार आता. हेमंतभाऊ म्हणाले, "प्रणाली सकाळीच दुकानावर येऊन सुयांचा डबा घेऊन गेली. तुमी रद्द कराल तं एकटी जाईन म्हणते."

रवि., ८ फेब्रु.
तिगाव. टिनू नेलाच नाही. एक टेबल, दोन खुर्च्या. नितीन येईल असं वाटलं नव्हतं. आला. प्रणालीशेजारी बसून नावं लिहू लागला. दोघांचं बोलणं फक्त कामापुरतं. ती कापूस मागे, तो देई.

लोक लांबूनच पाहत होते. एक बाई आली, कडेवर लेकरू. बसली, पण मूठ मिटलेलीच. प्रणालीला म्हणाली, "तुमचं काय निघालं?"
मी मधे पडणार होते. प्रणालीच आधी बोलली, मागच्यांना ऐकू जाईल अशी. "मी वाहक आहो. अन् हे बी."
"मंग लगन करून राहिले का नाही?"
नितीनचा पेन थांबला. त्यानं प्रणालीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच नजर चुकवली नाही.
मग प्रणालीनं नवीन सुई काढली. "ताई, बोट पुढे करा."
बाईनं मूठ उघडली.