बिनफोडणीचं वरण

साखरा,
ता. १२ फेब्रुवारी २००१

ती. सौ. रागिणीताईंस,

भावजय सत्यशीलाचा वाकून नमस्कार. आमी इथं हाव तसे हाव, तुमची खुशाली कळवा. बाळाचा खोकला गेला का?

परवा माझे बाबा मला माहेरी न्यायला आले होते. तुमच्या आईंनी त्यांना चहा दिला, पान दिलं, अन् म्हनल्या, माझा शिवहार आला की त्याला इचारून जाईल ती. बाबा मान खाली घालून गेले. पैनगंगेच्या पुरात मेंढरांसंगं तुमचे भाऊ वाहून गेले त्याला पाच महिने झाले, ताई. घोंगडी सापडली, काठी सापडली, ते सापडले न्हाईत. गाव म्हनतं, कणकेचा पुतळा करून अग्नी द्या, सुतक पाळा, त्यांच्या जिवाला गती मिळू द्या. आई ऐकत न्हाईत.

सुतकाच्या घरात फोडणी देत न्हाईत, म्हनून आई रोज सांजेला तेल चांगलं कडकडीत करून मूठभर मोहरी टाकतात. तडतड पार शेजारच्या नानीबाईच्या ओट्यापर्यंत गेली पाहिजे. वरणात मोहरी, ठेच्यात मोहरी, लोणच्यात तर अशी फेसलेली की नाकातून डोक्यात जाते. सगळं तुमच्या भावाच्या आवडीचं. मला सोसत न्हाई. पोटात आग पडून राहिली, पण कोणत्या तोंडानं सांगू? अन् खरं सांगते, मोहरी तडतडली की मी बी दाराकडं बघते. मला बी वाटतं, वासानं येतील.

जीव लावता तसाच लावा.

तुमची,
सौ. सत्यशीला

औरंगाबाद,
ता. २ मार्च २००१

चि. सौ. सत्यशीला हिस,

रागिणीताईचे मनापासून आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. बाळ बरं हाय, पण एवढा प्रवास नको म्हणतात डॉक्टर, न्हाईतर तवाच निघाले असते.

शिवहारचं हे लहानपणापासूनचं खूळ. आई लोणच्याची मोहरी फेसायला बसली की हा बोट बुडवून चाटायचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी, अन् वर आम्हालाच सांगायचा, नाकात न्हाई गेली ती मोहरी कसली! मला जिऱ्याची फोडणी आवडायची. त्या घरात मला कुणी इचारलंय का कधी? तवा तुझी तकलीफ मला ठाऊक हाय, येडे.

आता थोरली म्हणून बोलते. माझा भाऊ गेला. आईनं हे मानल्याबिगर तुला ना धड सासर, ना माहेर. एवढ्याशा वयात तुझा जन्म तसाच दाराकडं बघत जायचा. पण तिच्याशी मरणाचं बोलू नको, ती अंगावर येईल. पोटाचं मात्र सांग. दुखणं अंगावर काढू नको. आई तोंडानं फटकळ हाय, पण लेकरू उपाशी ठेवून स्वतः जेवणारी न्हाई.

काळजी घे, अन् ताईला परकी समजू नको.

तुझी,
रागिणीताई

साखरा,
ता. २१ मार्च २००१

ती. सौ. रागिणीताईंस,

सत्यशीलाचा नमस्कार. हे पत्र उभ्यानं वाचू नका, आधी बसा.

तुमी सांगितल्यापरमानं आईंना पोटाचं सांगितलं. लई रागावल्या. म्हनल्या, मुखदुबळे, इतके दिवस जळत बसलीस, मी काय वाघीण हाय का? हाताला धरून जीपनं गोरेगावला नेलं. डॉक्टरनं तिखट बंद केलं, फोडणी बंद केली, साधं वरण-भात खा म्हनले.

सांजेला आईंनी कढई चुलीवर ठेवली. लई वेळ तिच्याकडं बघत बसल्या. मग उतरवली. म्हनल्या, धुरानं तुला ठसका लागंल, अन् मी एकटीनं फोडणीचं काहून खावं?

आमी ताटावर बसलो तर नानीबाई दारात. पदराखाली, सुतकाच्या घरी नेतात तसं, भाकर-पिठलं. ते खाली ठेवलं, आईंच्या गळ्यात पडली अन् शिवहारच्या नावानं हंबरडा फोडला. मागून तुमचे संतरामकाका, सगळी आळी आली. फोडणी ऐकू आली न्हाई म्हनून त्यांना वाटलं, आमी सुतक धरलं.

मी सांगायला उठले, की अवो, माझं पोट दुखून राहिलं म्हनून हाय हे. आईंनी माझं मनगट धरलं अन् खाली बसवलं. मग रडल्या, ताई. पुराच्या दिवशीबी रडल्या नव्हत्या. मी त्यांच्या मांडीत डोकं घातलं अन् मी बी मोकळी झाले. ते येणार न्हाईत. मला आजवर हे म्हनता आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी संतरामकाकांनी पैनगंगेवर पुतळ्याला अग्नी दिला. तेरावं झालं की बाबा मला न्यायला येतील. निरोप आईंनीच धाडला. बाळाला बरं वाटलं की तुमी यावं, त्या एकट्या पडतील.

आज नानीबाईनं त्यांना इचारलं, शेवटी तुझी समजूत कशी पटली? आई म्हनल्या, पोरीच्या तोंडाकडं बघून.

माझ्या पोटाचं त्यांनी कुणालाच सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका.

माया कमी करू नका.

तुमची,
सत्यशीला