मधल्या गोलात कोण

सर, मैंदर्गीच्या शाळेत तुम्ही माझ्या वहीचं पान टराटरा फाडलंत, ते मी अजून विसरले नाही. धड्यातली माणसं मी गोलांत लिहिली होती आणि कोण कुणाचं ते रेघा ओढून जोडलं होतं. "इंग्रजी हाय हे, रांगोळी न्हाय! फळ्यावरचं उतरवून घे," म्हणालात. घेतलं. घोकलं. पासही झाले. पण धडा आपला आपण वाचायला मला पुढं किती वर्षं लागली, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. राग येतो हो, अजून येतो.

आता मी मोहोळला नववीला इंग्रजी शिकवते. मागं प्रशिक्षणात आम्हाला माइंड मॅप शिकवला: मधे मुख्य गोष्ट, भोवती फांद्या. मला हसूच आलं. शाळेत आल्या आल्या नावाड्याच्या धड्याचा मॅप मी फळ्यावर झोकात काढला. मधल्या गोलात नावाडी. वह्या तपासायला घेतल्या तर सगळ्या वर्गाचा मॅप एकच! माझा खडू निसटून एका रेघेला शेपटी आली होती, तीसुद्धा पोरांनी इमानेइतबारे काढलेली.

एकीचाच तेवढा वेगळा. तिनं मधे पाण्याला भिणारी मुलगी घातली होती, जी धड्यात एका ओळीपुरती येते. मी लाल पेनानं फुली मारली. ती टेबलाशी आली. "बाई, तिच्यापायीच तर होडी थांबलीया की. समदे तिच्यासाठीच खोळंबल्यात." अख्ख्या वर्गात धडा खरा वाचला होता तो तिनं. आणि मी काय म्हणावं? "फळ्यावर काय आहे ते बघ." त्यानंतरच्या तिन्ही धड्यांना तिची वही फळ्यासारखीच. पान फाडलं नाही, एवढाच काय तो माझ्यात आणि तुमच्यात फरक.

काल नव्या धड्याला फळा कोरा ठेवला. मधे कोण, विचारलं. कुणी हात वर करेना. ती माझ्या हातातल्या खडूकडं बघत बसलेली. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझं बरोबर होतं गं. फुली मारली ती माझी चूक." खडू तिच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिनं बराच वेळ घेतला, पण मॅप आपला आपण काढला.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, हे पाठवायचं तरी कुठं? एक मात्र कबूल करते. तास संपल्यावर बघते, तर माझ्या वहीत तिचा मॅप मीच जसाच्या तसा उतरवून घेतलेला, वाकड्या गोलासकट.